कापडी पिशव्या घरात आहेत, तरी कॅरीबॅग येतेच, काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: घरात दहा-बारा कापडी पिशव्या पडून आहेत, तरी दर आठवड्याला मूठभर कॅरीबॅग घरात येतातच. बाहेर पडताना पिशवी न्यायची राहून जाते. नेली तरी ओली भाजी, मासळी यांच्यासाठी प्लास्टिक घ्यावंच लागतं. त्यात कापडी पिशवी हजारो वेळा वापरली तरच ती प्लास्टिकपेक्षा बरी, असं वाचल्यापासून उत्साहच गेला आहे. तर चांगल्या नव्या पिशव्यांचा संच घ्यावा का? आणि सासूबाई जुन्या प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन घडी घालून ठेवतात, त्यांचं काय करावं?

ताई, मी बचत गटातल्या बायकांबरोबर कापडी पिशव्या शिवून विकते. दुकानदार, भाजीवाले, सोसायट्या यांच्याशी याच विषयावर बोलण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. पिशव्या विकणं हा माझा व्यवसाय आहे, तरी पहिलं सांगणं हेच, की नवा संच घेऊ नका. तुमच्या घरात पिशव्या कमी नाहीत. ज्या आहेत त्या चुकीच्या जागी आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा ज्या कामासाठी हव्यात त्या कामाच्या नाहीत. या दोन गोष्टी सुटल्या की निश्चय वगैरे फारसा करावा लागत नाही.

आधी त्या हजारोच्या आकड्याचं बघू, कारण तो मनातून गेल्याशिवाय पुढचं काही मनापासून होणार नाही. तो आकडा डेन्मार्कच्या पर्यावरण विभागाच्या 2018 च्या अभ्यासातला आहे. त्यात साध्या सुती पिशवीसाठी 7100 वेळा आणि सेंद्रिय कापसाच्या पिशवीसाठी 20,000 वेळा वापर, असे आकडे आले. पण हे आकडे कसे निघाले ते सहसा कोणी सांगत नाही. पाण्याचा वापर, हवामान, ओझोनचा थर अशा अनेक बाबी स्वतंत्रपणे मोजल्या आणि त्यातली सगळ्यात वाईट बाब धरली. सुती कापडाच्या बाबतीत ती ओझोनची होती. फक्त हवामान बदलाचा विचार केला तर त्याच अभ्यासात साध्या सुती पिशवीचा आकडा 52 आणि सेंद्रिय पिशवीचा 149 आहे. ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने 2011 मध्ये केलेल्या अभ्यासात सुपरमार्केटची पातळ पिशवी एकदाच वापरली असं धरून सुती पिशवीसाठी 131 हा आकडा आला होता, तोही हवामानाच्याच हिशेबाने. आठवड्यातून दोनदा बाजार केला तर 131 वेळा वापर व्हायला साधारण सव्वा वर्ष लागतं. नीट शिवलेली मांजरपाटाची पिशवी त्याच्या कितीतरी पुढे जाते.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. डेन्मार्कमध्ये वापरलेली पिशवी कचऱ्याच्या डब्याला लावतात आणि शेवटी ती भट्टीत जळते. रस्त्यावर, नाल्यात उडून जाणाऱ्या पिशव्या तिथे नगण्य, असं धरूनच तो हिशेब केलेला आहे. आपल्याकडे असं धरता येत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसात मुंबई बुडायला अनेक कारणं होती, पण गटारं आणि नाले पिशव्यांनी तुंबले होते हे त्यातलं एक ठळक कारण होतं. त्यानंतर 2006 मध्ये राज्याने 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदीचे नियम केले. उकिरड्यावर चरणाऱ्या गाईच्या पोटातून ऑपरेशन करून काढलेला प्लास्टिकचा गोळा एकदा बघितला, की डेन्मार्कच्या त्या हिशेबात काय मोजायचं राहिलं ते कळतं. आपली झबला पिशवी तिकडच्या पिशवीपेक्षा पातळ आणि हलकी आहे, त्यामुळे ती बनवायला लागणारं तेल आणि वीज अजून कमी, हे खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. पण तेवढ्याच हलकेपणामुळे ती उडते, अडकते, आणि कचरावेचकालाही ती उचलणं परवडत नाही.

या सगळ्यातून घ्यायचा धडा एवढाच, की नव्या कापसाची पिशवी फुकटात बनत नाही. कापसाला पाणी लागतं, खत लागतं, फवारणी लागते. म्हणून दर लग्नात, दर संमेलनात वाटलेली, एकदाच वापरून कपाटात गेलेली कापडी पिशवी हे काही पर्यावरणाचं काम नव्हे. जुन्या साडीची, चादरीची, पँटची पिशवी मात्र वेगळी. तो कापूस कधीच पिकून, विणून, वापरून झालेला आहे. तिथे कुठलाही आकडा घेऊन बसायची गरज नाही.

आता पिशवीची जागा. बहुतेक घरांत पिशव्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, एका मोठ्या पिशवीत कोंबलेल्या असतात. माणूस बाहेर पडतो दारातून, आणि तेव्हा त्याच्या डोक्यात ऑफिस, शाळेची रिक्षा, लिफ्ट हे असतं. ड्रॉवर आठवत नाही. दाराच्या आतल्या बाजूला, चपलांच्या रॅकच्या वर एक खुंटी ठोका आणि तिथे दोनच पिशव्या लावा. दहा नाही. दहा लावल्या की ढीग होतो आणि ढिगाकडे कोणी बघत नाही. स्कूटर असेल तर डिकीत एक घडी कायमची. रोजच्या पर्समध्ये किंवा ऑफिसच्या सॅकमध्ये मुठीत मावेल अशी एक. खरं तर घरात येणाऱ्या कॅरीबॅगपैकी बऱ्याचशा ठरवून केलेल्या बाजाराच्या नसतातच. येता येता कोपऱ्यावर चांगली मेथी दिसली म्हणून घेतली, त्या असतात. त्यामुळे या मुठीतल्या पिशवीचा उपयोग दारावरच्या मोठ्या पिशवीपेक्षा जास्त होतो.

आणि सामान रिकामं केलं की पिशवी लगेच परत खुंटीवर. हे काम पिशवी आणणाऱ्याने करायचं नाही, सामान लावणाऱ्याने करायचं. ज्याच्या हातात ती रिकामी होते त्यानेच लावायची, असं घरात ठरवून टाका. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांमध्ये साखळी तुटते ती इथेच. पिशवी ओट्यावर राहते, ओट्यावरून धुण्यात जाते, धुण्यातून कपाटात जाते, आणि सकाळी दाराशी काहीच नसतं.

आता कामाच्या पिशव्या. एका मोठ्या पिशवीत बटाटे, टोमॅटो, कोथिंबीर, मिरच्या आणि भिजलेला पालक एकत्र टाकायला कोणीच तयार होत नाही, आणि व्हायलाही नको. म्हणून भाजीवाला प्रत्येक जिन्नस वेगळ्या झबल्यात देतो आणि मोठी कापडी पिशवी फक्त त्या झबल्यांची वाहक होऊन बसते. यावर उपाय म्हणजे छोट्या पोटल्या. जुनं धोतर, मलमलचा दुपट्टा, विरळ झालेली सुती ओढणी यांच्या वीतभर रुंद, दीड वीत उंच, वर नाडी ओवलेल्या पिशव्या शिवा. कापड विरळ असावं, म्हणजे आत काय आहे ते भाजीवाल्याला आणि तुम्हाला दोघांनाही दिसतं. सहा पुरतात. या सहा त्या मोठ्या पिशवीच्या आतच ठेवायच्या, वेगळ्या नाही. डाळ, शेंगदाणे सुटे घेत असाल तर पोटलीच्या कोपऱ्यात तिचं रिकामं वजन पक्क्या शाईने लिहून ठेवा, म्हणजे काट्यावर घोळ होत नाही.

पालेभाजीला याचा एक फायदाही आहे. प्लास्टिकमध्ये कोंडलेली कोथिंबीर घामेजते आणि दोन दिवसांत काळी पडते. जुडी सोडून, पाणी झटकून, कोरड्या मलमलच्या पोटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवली तर ती कापडाने ओलावा शोषून घेतल्यामुळे कुजत नाही. भाजी टिकते म्हणून पोटल्या वापरायला लागलेल्या बायका मला जास्त भेटतात, पर्यावरणासाठी सुरू केलेल्या कमी. कारण कुठलंही असो, ती पोटली टिकते.

मासळी, मटण, इडलीचं पीठ, दही यांना कापड नकोच. झाकणाचा स्टीलचा डबा न्या. कोळणीला डबा पुढे केला की ती आनंदाने त्यात साफ करून टाकते, पाणी गळत नाही, वास पिशवीला लागत नाही. डब्याला एक जुनी नॅपकिन गुंडाळा आणि उभा ठेवा.

पावसाळ्यासाठी माझ्या सगळ्यात आवडीची पिशवी सांगते, ती छत्रीच्या कापडाची. काड्या मोडलेली छत्री टाकू नका. टोकाची टोपी काढा, काड्यांना घातलेले टाके उसवा, कापड अलगद निघतं. एका छत्रीत सहसा आठ त्रिकोणी पाकळ्या असतात. शिवणीवर उसवून एक पाकळी सुलट, एक उलट अशा जोडत गेलात की सरळ पट्टा तयार होतो. तो दुमडून दोन बाजू आणि खालचा तळ शिवला की पिशवी तयार. छत्रीच्या कडेला आधीच दुमड घातलेली असते, तिची पट्टी बंदाला वापरा. ही पिशवी चुरगळून मुठीत मावते, भिजली तर झटकली की कोरडी होते आणि भिजलेला पालक तिच्यातून ठिबकत नाही. हे कापड कृत्रिम धाग्याचंच असतं, म्हणजे प्लास्टिकच्याच जातीचं, पण ते तुमच्या घरात आधीच आलेलं आहे. आतला लेप पापुद्रे सुटून निघत असेल तर मात्र खाण्याच्या वस्तूंसाठी वापरू नका.

मोठी पिशवी शिवायची असेल, किंवा शिंप्याकडून शिवून घ्यायची असेल, तर थोडं बारकाईने सांगते. पिशवी मधोमध कधीच फाटत नाही. ती बंदाच्या मुळाशी तुटते. बाजारातल्या बहुतेक स्वस्त पिशव्यांत बंद तोंडाच्या दुमडीत नुसता खुपसून वरून एक सरळ टीप मारलेली असते. पाच किलो बटाटे घातले की सगळा भार त्या एका टिपेवर येतो. बंदाचं टोक तोंडाच्या कडेपासून किमान दोन इंच खाली उतरू द्या. तिथे चौकोनी टीप मारा आणि चौकोनात फुली. तोंडाची दुमड दीड इंचाची ठेवा, म्हणजे ती चौकोनी टीप कापडाच्या अनेक पदरांवर बसते. बंदासाठी सहा इंच रुंदीची पट्टी कापून चार पदरी दुमडली की दीड इंचाचा बंद होतो. याहून अरुंद केला तर ओझ्याने बोटांत रुततो, आणि बोटांत रुतणारी पिशवी कोणी दुसऱ्यांदा नेत नाही. लांबी चोवीस इंच ठेवली तर खांद्यालाही अडकते.

माप पंधरा इंच रुंद, सोळा इंच उंच पुरे. याहून मोठी केली की माणूस ती भरतो आणि मग उचलता येत नाही. तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणी दुमडून चार इंचांची आडवी टीप घाला, म्हणजे पिशवीला बूड येतं, ती उभी राहते आणि टोमॅटो एका कोपऱ्यात दाबले जात नाहीत. बाजूची शिवण दुहेरी दुमडीची हवी. सुटी कड राहिली की धुण्यात दोरे निघतात. धागा पॉलिएस्टरचा घ्या, सुती धागा आधी झिजतो. कोरं मांजरपाट घेतलं असेल तर कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. ते आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर बंद एकीकडे ओढतात.

जुन्या कापडात निवड नीट करा. चादर मधोमध झिजलेली असते, कडेचं कापड घ्या. साडीचं निऱ्यांच्या खालचं, काठाजवळचं कापड पायाने घासून विरलेलं असतं. पदराकडचं चांगलं असतं. आणि जुन्या जीन्सचे पाय म्हणजे सोनं. मांडीपासून खालपर्यंतचा सरळ भाग उसवून दोन्ही पाय जोडले की तांदळाची पाच किलोची पिशवी बिनघोर उचलेल अशी पिशवी होते. कांदे-बटाट्याला तीच.

एक सावधगिरी. दुकानात ‘कापडी’ म्हणून मिळणाऱ्या रंगीत, खडबडीत, छापील पिशव्या बहुतेक वेळा कापड नसतात. त्या पॉलिप्रॉपिलीनचे तंतू उष्णतेने चिकटवून केलेल्या असतात. उजेडासमोर धरा, उभे-आडवे धागे दिसत नाहीत. कडेचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळा. सुती असेल तर कागदासारखी राख होते. ही वितळून कडक गोळी होते. अशी पिशवी घरात असेल तर फाटेपर्यंत जरूर वापरा, पण उन्हात ठेवू नका. उन्हाने ती ठिसूळ होते आणि तिचा भुगा होतो, जो कोणाला गोळा करता येत नाही.

नियमांचं लांबवत नाही. महाराष्ट्रात 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तिची अंमलबजावणी 23 जून 2018 पासून सुरू झाली, आणि पहिल्या वेळी 5000, दुसऱ्या वेळी 10,000 रुपये दंड ठरला. केंद्राच्या नियमांनी पिशवीची किमान जाडी आधी 75 मायक्रॉन आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉन केली. तरी झबला मंडईत दिसतेच. दंडाची भीती असते तेवढे दिवस ती टेबलाखाली जाते, मग परत वर येते. तिच्यामागे गिऱ्हाइकाची मागणी आहे, हे भाजीवाल्यांशी बोललं की लगेच कळतं. पिशवी नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर जातं, ही त्यांची धास्ती खरी आहे. झबल्या ते किलोवर विकत आणतात आणि तो खर्च त्यांच्या तुटपुंज्या नफ्यातून जातो. तुम्ही पिशवी आणता तेव्हा त्यांचे पैसे वाचतात, ते तुमच्या विरोधात नाहीत.

फक्त वेळ साधायला हवी. काट्यावरची भाजी झबल्यात पडली, गाठ बसली, की मग ‘नको पिशवी’ म्हणून उपयोग नसतो. ती झबली चुरगळून तिथेच पडते. ‘मावशी, पिशवी आहे, यातच टाका’ हे वजन करण्याआधी म्हणा, आणि म्हणताना पोटलीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरा. गर्दीच्या वेळी मावशींना दोन्ही हात लागतात, उघडी पिशवी समोर असली की त्यांचंही काम हलकं होतं. नेहमीच्या गाळ्यावर काही दिवस असं केलं की तुम्हाला बघून त्या झबल्याकडे हातच नेत नाहीत.

छापील वर्तमानपत्राच्या पुड्यांबद्दलही विचारणा होते. सोलून, धुऊन खायच्या भाजीला ठीक. पण वडा, भजी, चिवडा असं तेलकट किंवा तयार खाणं त्यात घेऊ नका. शाईतले घटक अन्नात उतरतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही तसं न करण्याचं सांगितलं आहे. आणि दुकानातून दर वेळी पाच-दहा रुपये देऊन कागदी किंवा कापडी पिशवी विकत घेण्याची सवय लावू नका. आयर्लंडमध्ये 2002 साली पिशवीमागे 15 सेंट कर लावला तेव्हा पिशव्यांचा वापर 90 टक्क्यांहून जास्त घटला, कारण लोकांनी घरून पिशवी आणायला सुरुवात केली. आपल्याकडे मोठ्या दुकानांत लोक बिलात ते पैसे भरून मोकळे होतात आणि घरात जाड पिशव्यांचा ढीग वाढत जातो. तामिळनाडूने डिसेंबर 2021 मध्ये मंजप्पै, म्हणजे जुन्या वळणाच्या पिवळ्या कापडी पिशवीची मोहीम सुरू केली आणि पुढे बाजारात दहा रुपयांत पिशवी देणारी यंत्रं बसवली. विसरलेल्याची सोय म्हणून ती कल्पना मला आवडते, पण तुमच्या सोसायटीत करायचं असेल तर गेटवर एक हूक लावून ‘न्या आणि परत लावा’ अशा जुन्या पिशव्या टांगणं जास्त सोपं आहे. वॉचमनकाकांना विश्वासात घ्या, त्यांच्यामुळेच ते चालतं.

कॅरीबॅग थांबल्या की एक खरी अडचण उभी राहते, कचऱ्याच्या डब्याला काय लावायचं. बऱ्याच घरांत गाडी पुन्हा मागे येते ती इथेच. ओल्या कचऱ्याला काहीही लावायची गरज नाही. झाकणाची छोटी बादली ठेवा, तळाला वर्तमानपत्राची एक घडी घाला, रोज रिकामी करा आणि खळखळून धुवा. ओला-सुका वेगळा असेल तरच हे जमतं. एकत्र असेल तर बादली घाण होते आणि माणूस परत पिशवी शोधतो. सॅनिटरी पॅड आणि डायपर मात्र कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्या. गोळा करणाऱ्या ताईंच्या हातांचा प्रश्न आहे.

धुण्याबद्दल: भाजीची पिशवी पंधरवड्याला, पोटल्या आठवड्याला, आणि काही सांडलं तर लगेच. धुऊन उलटी करून उन्हात वाळवायची. पावसाळ्यात कडक वाळत नसेल तर शिवणींवरून इस्त्री फिरवा, कुबट वास तिथेच धरतो. कच्च्या मटणाच्या डब्याची पिशवी वेगळी ठेवा, तिच्यात फळं घालू नका.

राहता राहिल्या सासूबाईंच्या पिशव्या. त्या अजिबात फेकू नका. घरात आलेली पिशवी फाटेपर्यंत वापरणं हेच बरोबर आहे आणि त्या ते करत आल्या आहेत. त्यांनाच विचारून त्यातल्या जाड पिशव्या वेगळ्या काढा: प्रवासात ओले कपडे, चपला, पावसात कागदपत्रं यांना त्या वर्षानुवर्षं पुरतील. पातळ, फाटलेल्या झबल्या धुऊन, पूर्ण कोरड्या करून एका मोठ्या पिशवीत दाबून भरत जा, आणि पिशवी गच्च भरली की सुक्या कचऱ्यात एकत्र द्या. सुट्या, चिखलाने माखलेल्या झबल्या कोणी निवडत बसत नाही. स्वच्छ आणि गठ्ठ्याने दिल्या तर त्या भंगारवाल्यापर्यंत पोचण्याची शक्यता तरी राहते. तो गठ्ठा भरायला दर वेळी आधीपेक्षा जास्त दिवस लागायला लागले, तर तुमचं नीट चाललंय असं समजा.